आधी हत्ती, मग झुंबर

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातल्या दरबार हॉलमध्ये पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. डोक्यावर दोन झुंबरं लटकताहेत. एकेकाचं वजन साडेतीन टन! तीन मोटारी गाठोड्यात बांधून छताला टांगाव्यात आणि शेजारी तसंच दुसरं गाठोडं टांगावं, असा प्रकार. पाहणारा आधी ‘वा!’ म्हणतो आणि पुढच्याच क्षणी नकळत दोन पावलं बाजूला सरकतो. मीही सरकलो.

हा महाल जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली उभा केला, आराखडा मायकेल फिलोजचा. झुंबरं टांगायची वेळ आली तेव्हा प्रश्न एकच होता: छताला एवढं वजन झेपेल का? झेपणार नसेल, तर ते कळणार कधी? झुंबर खाली आल्यावर! मग काय केलं? ग्वाल्हेरात सांगतात ती गोष्ट अशी, की एक लांबलचक उतरण बांधली आणि तिच्यावरून आठ हत्ती थेट छतावर चढवले. कुणी दहा म्हणतं. हत्ती वर फिरले, छत जागचं हललं नाही, आणि मग झुंबरं वर गेली.

गोष्टीला थोडं मीठमिरची लागलं असेलही. पण तिच्या पोटातली युक्ती बघा. जी चूक पुढे महागात पडणार आहे, ती आधीच, आपल्या सोयीने, स्वस्तात करून बघायची. नाटकवाले याला रंगीत तालीम म्हणतात. कारखानदारीत आज याला सिम्युलेशन म्हणतात. मधल्या दीडशे वर्षांत हत्ती तेवढे संगणकात जाऊन बसले.

आणि ते तिथे काय काय करतात, हे कळल्यावर झुंबरं विसरायला होतात.

त्याच महालात भोजनाच्या लांब मेजावर चांदीची एक इवलीशी आगगाडी आहे. रुळांवरून ती पाहुण्यांपुढून फिरायची. डब्यांत मद्याच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी जागेवर थांबे, परत ठेवली की चालू लागे. मोठ्यांचं खेळणं म्हणून आपण हसतो. पण शिंद्यांचं रुळांचं वेड मेजावर थांबलं नाही. माधवराव महाराजांच्या काळात ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर दोन फुटी रुंदीची रेल्वे धावू लागली, ती २०२० पर्यंत धावत होती. आणि ग्वाल्हेरहून झाशीकडे निघालात तर सिथौली लागतं. तिथे रेल्वेचा स्प्रिंग कारखाना आहे. प्रवासी डब्यांखाली जी जाडजूड वेटोळी दिसतात, ती तिथे तयार होतात.

स्प्रिंग! एवढी साधी वस्तू. तिच्यात संगणकाने डोकं घालावं असं काय आहे?

एक कोडं घालतो. बॉलपेनमधली स्प्रिंग बोटांनी दाबा. स्प्रिंग आखूड झाली. आता सांगा, तिच्या तारेचं काय झालं? तार दबली? वाकली? दोन्ही थोडंफार झालं, पण मुख्य गोष्ट वेगळीच झाली: तार पिळली गेली. ओलं धोतर पिळावं तशी! वेटोळ्याचा प्रत्येक बारीकसा तुकडा आपल्याच अक्षाभोवती किंचित पीळ घेतो, आणि हजारो किंचित पिळांची बेरीज आपल्याला ‘दबणं’ म्हणून दिसते. तुम्ही रेल्वेने झोपून प्रवास करता तेव्हा खाली पोलादाच्या सळया रात्रभर पीळ खात आणि सोडत असतात. पंचवीस वर्षं विज्ञानावर लिहून झाल्यावर मला हे कळलं, आणि त्या दिवशी मी घरातली तीन बॉलपेनं मोडली.

आता पुढची गंमत. स्प्रिंगचा ताठपणा सळईच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे सळई ५ टक्के जाड झाली की स्प्रिंग ५ टक्के नव्हे, २१ टक्क्यांहून जास्त ताठ होते. केसाएवढा फरक, आणि डब्याचा एक कोपरा वर. म्हणूनच तयार स्प्रिंगा वजनाखाली दाबून, त्यांची उंची मोजून गटांत विभागतात, आणि एका बोगीत एकाच गटाच्या स्प्रिंगा बसवतात. जुळ्यांची लग्नं जुळ्यांशी लावावीत, तसं!

आणि स्प्रिंग तुटते कुठे? बाहेरून दिसते तिथून सहसा नाही. वेटोळ्याच्या आतल्या बाजूला, जिथे सळईची वाट सर्वांत आखूड असते, तिथे ताण सर्वांत जास्त साठतो. डोळ्याला तो दिसत नाही. हाताला लागत नाही. मग संगणकाला तो दिसतो कसा?

इथे एक युक्ती आहे आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकताना फसवणूक वाटते. अख्ख्या स्प्रिंगचं गणित कुणालाच नीट सुटत नाही. मग तिचे, कागदावर, बारीक तुकडे करायचे. हजारो, लाखो. प्रत्येक तुकडा इतका बारका की त्याचं गणित शाळकरी होऊन जातं. तो फक्त आपल्या शेजाऱ्यांना ओळखतो: हा मला एवढं ढकलतो, तो तेवढं ओढतो. चाळीसारखंच. प्रत्येक खोलीला फक्त शेजारच्या भिंतीपलीकडचं ऐकू येतं, तरी तळमजल्यावरची बातमी संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असते. लाखो तुकड्यांची लाखो समीकरणं एकत्र सोडवली की अख्ख्या पोलादात ताण कसा पसरला ते रंगांत उमटतं: निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे सावधान. गणिती रिचर्ड कुरांट यांनी ही कल्पना १९४३ मध्ये मांडली होती. विमानांचे पंख मोजणाऱ्या अभियंत्यांना ती पुढे स्वतंत्रपणे सुचली, आणि १९६० मध्ये रे क्लफ यांनी तिचं ‘फायनाइट एलिमेंट’ असं बारसं केलं.

लाखो समीकरणं! कागदावर जन्म गेला असता. आपल्याकडे १९८० च्या दशकात असलं काम करायला मोठा संगणक मिळवणं म्हणजे परदेशी सरकारांच्या नाकदुऱ्या काढणं होतं. त्याच कोंडीतून पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संस्था निघाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. आज स्प्रिंगच्या पोटातला ताण बघायला टेबलावरचा साधा संगणक पुरतो.

एकदा लाल डाग कुठे आहे हे कळलं की मग त्यावर इलाज करून बघता येतो, तोही पोलादाला हात न लावता. वेटोळं जरा रुंद केलं तर? टोकाचा निमुळतेपणा बदलला तर? ९०० अंशांच्या वर तापलेलं वेटोळं तेलात बुडवताना पाच सेकंद उशीर झाला तर? (लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ ना, तसंच हे. फक्त पाण्याऐवजी तेल, कारण पाणी फार घाईने थंड करतं आणि घाईत पोलाद तडकतं.) शेवटी स्प्रिंगवर पोलादी छऱ्यांचा मारा करतात. भरधाव छरे पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे पाडतात. चांगल्या मालावर खळगे? पुण्याच्या तांबट आळीत गेला असाल तर तुम्हाला हे आधीच ठाऊक आहे. तांब्याच्या हंड्यावर मठारण्याचे ठोके शोभेसाठी वाटतात, पण ठोक्यांनी तांबं घट्ट होतं. इथेही छऱ्यांनी पोलादाची कातडी आत दाबली जाते, आणि दाबलेल्या कातडीत भेग पडायला गेली तरी तिला तोंड उघडता येत नाही. किती छरे, किती वेगाने, किती वेळ? हेही आधी पडद्यावर मारून बघता येतं.

हीच युक्ती कोल्हापूरच्या फाउंड्रीत गेली तर काय होतं? साच्यात लोखंडाचा रस ओतला. तो बाहेरून थिजत आत जातो, थिजताना आक्रसतो, आणि जो भाग शेवटी थिजतो तिथे आत पोकळी राहते. म्हणून तिथे जादा रस पुरवायला रायझर ठेवतात. कुठे ठेवायचा? पूर्वी हे जाणत्या मिस्त्रीच्या नजरेवर होतं, आणि नजर चुकली तर ते कळायचं थेट मशीनवर कटिंग लावल्यावर, जेव्हा वीज, रस, मजुरी, सगळं खर्च झालेलं असायचं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या चमूने ‘ऑटोकास्ट’ नावाची प्रणाली विकसित केली, ती आपल्या फाउंड्रींना डोळ्यांपुढे ठेवूनच. तिच्यात रस न ओतता बघता येतं की शेवटचा थेंब कुठे थिजणार. मला यात सर्वांत आवडतं ते हे की बहुतेक वेळा जाणत्या मिस्त्रीचं बोट जिथे असतं, तिथेच तो लाल डाग उमटतो.

एवढा वेळ आपण एका स्प्रिंगच्या आत होतो. आता बाहेर येऊ. कारखाना एक स्प्रिंग करत नाही, हजारो करतो, आणि खरा चमत्कार या गर्दीत दडलेला आहे.

त्यासाठी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर सकाळी कचोरी खायला चला. समजा, गाडीवर दर मिनिटाला सरासरी एक गिऱ्हाईक येतं. कचोरीवाल्याला एका गिऱ्हाइकामागे सरासरी ४८ सेकंद लागतात. म्हणजे मिनिटामागे १२ सेकंद त्याला मोकळे. मग रांग लागायचं कारणच काय?

गिऱ्हाइकं घड्याळ लावून आली असती आणि प्रत्येकाला बरोबर ४८ सेकंद लागले असते, तर खरोखरच रांग लागली नसती. पण माणसं येतात मनाला येईल तशी. आधी कुणीच नाही, मग एकदम चौघं. एकाला एक कचोरी, दुसऱ्याला घरच्या अकरा जणांसाठी बांधून. हा लहरीपणा धरून हिशेब केला तर सरासरी गिऱ्हाईक रांगेत ३ मिनिटांहून थोडं जास्त उभं राहतं. ठीक आहे, एवढं चालतं.

आता कचोरीवाल्याचा हात जरा मंदावला. ४८ ऐवजी ५४ सेकंद. सहा सेकंदांनी काय होतंय? रांगेतला वेळ झाला ८ मिनिटं! आणखी फक्त तीन सेकंद जाऊ द्या, ५७ करा: १८ मिनिटं. अजूनही तो गिऱ्हाइकं येतात त्यापेक्षा वेगानेच कचोऱ्या देतोय, तरी रांग बाड्याला वळसा घालतेय.

हे गणित पहिल्यांदा मांडायला घेतलं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग नावाच्या माणसाने, १९०९ मध्ये. त्याच्यासमोर कचोऱ्या नव्हत्या, फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या. प्रश्न तोच. आणि प्रत्येक कारखाना म्हणजे अशाच कचोरीच्या गाड्यांची माळ असते: भट्टी, वेटोळं घालणारं यंत्र, तेलाचा हौद, पुन्हा भट्टी, टोकं घासणारं यंत्र, छऱ्यांचा मारा, तपासणी, रंग. एकाची लहर पुढच्याच्या दारात रांग लावते, पुढच्याची त्याच्या पुढच्याच्या.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ च्या ‘द गोल’ या कादंबरीत (हो, कारखान्यावरची कादंबरी, आणि वाचवते!) हा खेळ दिला आहे. पाच जण ओळीत, प्रत्येकापुढे वाटी. पहिला फासा टाकतो, पडेल तेवढ्या काड्या पेटीतून काढून शेजाऱ्याच्या वाटीत. शेजारी फासा टाकतो. सहा पडले पण वाटीत दोनच काड्या असतील, तर दोनच पुढे जातात. फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे वीस फेऱ्यांत टोकाला सत्तर काड्या पोचल्या पाहिजेत. मोजा. बऱ्याच कमी भरतील, आणि मधल्या वाट्यांत नको तिथे ढीग साचलेले असतील. कुणी आळस केला नाही, कुणी चूक केली नाही. वाईट दान पुढच्याला नडतं, चांगलं दान मात्र वाटीतल्या काड्यांपुरतंच. घरच्या पोरांनी हा खेळ खेळताना एकमेकांना ‘तुझ्यामुळे!’ म्हणून ओरडायला घेतलं, तेव्हा मला अनेक कारखान्यांतल्या सकाळच्या मीटिंगा आठवल्या.

गंमत अशी की वाट्या दोन असतील तर गणित सुटतं. पाच-दहा वाट्या, मधेच बिघडणारी यंत्रं, जेवणाची सुट्टी, गेलेली वीज, हे सगळं आलं की कुठलंही सूत्र हात टेकतं. मग?

मग पत्ते. १९४६ मध्ये गणिती स्टॅनिस्लॉ उलाम मोठ्या दुखण्यातून उठून घरी विश्रांती घेत होता आणि एकट्यानेच पत्ते लावत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे तो गणिताने काढायला गेला आणि दमला. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं: काढायचं कशाला? शंभर वेळा खेळावं आणि किती वेळा सुटला ते मोजावं! एवढीच कल्पना. शाळकरी पोरालाही सुचेल अशी. पण उलाम होता अणुबॉम्बवर काम केलेल्या माणसांतला, आणि त्याचा मित्र होता जॉन फॉन नॉयमन. पदार्थात भिरभिरणाऱ्या न्यूट्रॉनचं जे गणित सुटत नव्हतं, ते त्यांनी पत्त्यांसारखं ‘खेळायला’ घेतलं, आणि १९४८ मध्ये एनिॲक या अजस्र संगणकाने ते खेळ खेळले. पद्धतीला नाव पडलं माँटे कार्लो. उलामचा काका उसने पैसे घेऊन तिथल्या जुगारअड्ड्यावर जायचा म्हणे!

पण थांबा. संगणकाला फासा टाकायला लावायचा कसा? तो तर आज्ञाधारक यंत्र, सांगितल्याबाहेर पाऊल टाकत नाही. लहरीपणा त्याला शिकवायचा कुठून? अमेरिकेतल्या रँड संस्थेने यावर १९५५ मध्ये जे केलं ते वाचून मी हसलोच: त्यांनी दहा लाख यादृच्छिक अंकांचं एक जाडजूड पुस्तकच छापलं. पानामागून पान नुसते अंक, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही! फॉन नॉयमनची युक्ती आणखी धीट होती. चार आकडी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, मधले चार अंक उचला, पुन्हा तेच. १२३४ चा वर्ग १५२२७५६; पुढे शून्य लावून आठ अंक करा, मधले चार ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. मग ३३६२. मग ३०३०. बघा, दान कसं लहरी पडतंय! प्रत्यक्षात लहर कुठेच नाही, सगळं ठरलेलं.

तुम्ही मराठी असाल तर इथे देवळालीचे कापरेकर मास्तर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्याच सुमारास तेही चार आकडी संख्यांशी खेळत होते: अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा करा, आणि कुठूनही निघा, येऊन पोचणार ६१७४ वरच. (सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं.) मास्तरांना जे घडायला हवं होतं, फॉन नॉयमनला नेमकं तेच नको होतं. त्याच्याही संख्या कधी कधी भोवऱ्यात सापडतात: ६१०० वरून २१००, तिथून ४१००, तिथून ८१००, आणि पुन्हा ६१००. फासा गोल गोल फिरत बसतो. आज संगणकातले फासे याच जातीचे, पण इतक्या लांब भोवऱ्याचे की विश्वाचं वय संपेल, भोवरा संपणार नाही.

फासा मिळाला. आता कारखाना उभा करू.

समजा, सिथौलीसारखाच, पण आपल्या मनातला एक स्प्रिंग कारखाना. यातले आकडे माझे आहेत. संगणकात यंत्रं नाहीत, स्प्रिंगा नाहीत, फक्त एक यादी आहे: यापुढे काय घडणार आणि किती वाजता. ‘८:००, पहिली सळई भट्टीबाहेर.’ संगणक ती ओळ खोडतो, फासा टाकतो, आणि यादीत दोन नव्या ओळी घालतो: ‘८:०२, दुसरी सळई बाहेर’, ‘८:०३, पहिलीचं वेटोळं पूर्ण’. ८:०० नंतर घड्याळ टिकटिक करत बसत नाही. ते सरळ ८:०२ वर उडी मारतं! मधल्या दोन मिनिटांत काही घडणारच नसेल तर ती जगायची कशाला? रात्री कारखाना बंद असेल तर अख्खी रात्र एका उडीत पार. अशा उड्या मारत संगणक वर्षभराचं उत्पादन चहा निवायच्या आत करून दाखवतो. मग नवे फासे घेऊन तेच वर्ष पुन्हा जगतो. शंभर वेळा! आपल्यापैकी कुणाला गेलं वर्ष एकदा तरी परत मिळालंय?

कारखान्यासाठी अशी सर्वसाधारण प्रणाली पहिल्यांदा घडवली ती इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पोलाद कंपनीत, कीथ टॉकर याने, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. पोलाद कारखानाच का? कारण तिथे चुकून बघणं परवडत नाही. तापलेली भट्टी ‘जरा थांब, वेगळं करून बघू’ म्हणून थांबत नाही.

आपल्या मनातल्या कारखान्यात तक्रार अशी, की ऑर्डर दिल्यापासून माल मिळायला फार दिवस लागतात. सगळ्यांचं बोट टोकं घासणाऱ्या यंत्राकडे. ते मंद आहे, दारात कायम ढीग. दुसरं यंत्र घ्या! संगणकात दुसरं यंत्र ठेवायला एक ओळ लागते, पैसा एकही नाही. ठेवलं. वर्ष पळवलं. ढीग तिथून उठला आणि पुढच्या विभागाच्या दारात जाऊन बसला. माल तेवढ्याच दिवसांनी.

मग कुणीतरी ट्रॉलीकडे बघतं. दोन विभागांमध्ये स्प्रिंगा ट्रॉलीतून जातात, ट्रॉलीत साठ मावतात, आणि भरली की मगच ढकलतात. अर्धी ट्रॉली ढकलणं म्हणजे मेहनत वाया, असा सगळ्यांचा समज. दर दोन मिनिटांना एक स्प्रिंग येते. ट्रॉलीत पहिली पडलेली स्प्रिंग साठाव्या बहिणीची वाट बघत ११८ मिनिटं पडून राहते. सरासरीने प्रत्येक स्प्रिंग ५९ मिनिटं. अशा सहा ट्रॉल्या वाटेत म्हणजे जवळजवळ सहा तास स्प्रिंग नुसती झोपलेली! दहा भरल्या की ढकला, असं संगणकाला सांगून बघा: ५९ ची ९ मिनिटं होतात. खर्च? ढकलणाऱ्याचे जास्त हेलपाटे, आणि ते परवडतात का हेही त्याच पडद्यावर कळतं. पुढे गेलेला एखादा दोषही आता साठ स्प्रिंगांनंतर नाही, दहा स्प्रिंगांनंतर सापडतो. दर्जा सुधारायला कुणी गेलंच नव्हतं, तो वाटेत आपोआप सुधारला.

पडद्यावर आलेल्या उत्तराची झडती घ्यायची एक सोपी रीतही आहे, १९६१ मध्ये जॉन लिटल याने सिद्ध केलेली. कारखान्यात अर्धवट झालेल्या स्प्रिंगा मोजा: समजा ६००. तासाला किती बाहेर पडतात? ३०. भागा: एक स्प्रिंग सरासरी २० तास आत असते. बस! यंत्रं किती, कामगार कोण, रांगा कशा, काही विचारायचं नाही. कचोरीच्या गाडीला, बँकेला, ससूनच्या ओपीडीला, हेच सूत्र. संगणक २० ऐवजी ७ म्हणाला तर चुकतोय कोण, ते लगेच कळतं.

आणि तो चुकतो, बरं का. आपण जे सांगितलं नाही ते त्याला माहीत नसतं. पुन्हा त्या छतावर चला. आठ हत्ती, एकेक साधारण चार टनांचा धरला तर बत्तीस टन. झुंबरं दोन मिळून सात. परीक्षा चौपटीहून कडक झाली, शाबास! पण जरा थांबून बघा. हत्तीचं वजन वरून पडतं, चार पायांवर वाटलेलं, आणि हत्ती चालता. झुंबर खालून ओढतं, एका आकड्यावर, आणि दीडशे वर्षं रात्रंदिवस ओढत राहतं. हत्तींनी जी परीक्षा घेतली ती झुंबराची होती का? छताची ताकद तपासली गेली हे खरं, आकड्याची नाही. सिम्युलेशन करणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस याच विचारात जातो: आपण हत्ती नेमका कुठे उभा केलाय?

आणखी एक चूक आहे, ती नवशिक्यांकडून हमखास होते. यादीत ‘स्प्रिंग आत आली’ ही ओळ लिहितात आणि ‘स्प्रिंग बाहेर गेली’ ही लिहायला विसरतात. संगणक बिचारा मुकाट्याने चालत राहतो, पण ती स्प्रिंग कुठेच जात नाही. संध्याकाळ होते, कारखाना बंद होतो, यादी संपते, तरी ती आतच. जयविलासची गोष्ट मी वेगवेगळ्या तोंडून बऱ्याचदा ऐकली. हत्ती वर कसे चढवले, हे प्रत्येक जण रंगवून सांगतो. खाली कसे उतरवले, हे एकानेही सांगितलेलं नाही. त्या गोष्टीपुरते ते आठही जण अजून छतावरच आहेत.